मूठ आणि वार

दांडपट्टा हातात धरत नाहीत, हातावर चढवतात. त्याची मूठ म्हणजे मनगटावरून कोपराकडे जाणारा लोखंडी खोळंबा; आत एक आडवी दांडी, ती पंजात पकडायची. हात एकदा आत गेला की मनगट वळत नाही. त्यामुळे पट्टेकऱ्याचा वार खांद्यातून निघतो, कमर फिरते, पाय फिरतात, आणि पाहणाऱ्याला तो नाच वाटतो. युरोपातली रेपियर ही बारीक तलवार बोटांनी आणि मनगटाने चालवत, म्हणून तिथली झुंज एका रेषेत पुढे-मागे सरकत राहिली. शौर्य दोन्हीकडे होतंच, पण झुंजीचा आकार मुठीने ठरवला.

व्हिडिओ गेममधल्या मारामारीचा इतिहास मला असा मुठीच्या बाजूने वाचावासा वाटतो. या खेळांवर लिहिताना कथेबद्दल बोललं जातं, चित्रांबद्दल बोललं जातं, हिंसेबद्दल तर फारच. पण पडद्यावरचा वार होण्याआधी कुणीतरी ठरवलेलं असतं की तो कोणत्या बोटाने होईल, बटण नुसतं दाबायचं की दाबून धरायचं, आणि त्याच वेळी कॅमेरा खेळाडूच्या हाती असेल की नसेल. अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर म्हणवणाऱ्या खेळांत हा निर्णय आणखी अवघड. तिथे भटकणं, कोडी सोडवणं, भिंती चढणं आणि लढणं हे सगळं त्याच दहा बोटांनी करायचं असतं. दार उघडणारं बोट आणि गळा कापणारं बोट पुष्कळदा एकच असतं.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. खेळ रचणाऱ्याने कल्पिलेली मूठ आणि इथल्या खेळाडूच्या हातातली मूठ या दोन गोष्टी क्वचितच जुळल्या. मी अनुवादाचं काम करते, त्यामुळे मूळ आणि हाती आलेलं यांतल्या या फटीकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं.

सुरुवात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’पासून करायला हवी. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९मध्ये अ‍ॅपल टू संगणकासाठी काढला, १९९०मध्ये तो डॉसवर आला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि संगणक वर्गांत पोहोचला. राजपुत्राचं धावणं मेकनरने आपल्या धाकट्या भावाचं चित्रीकरण करून, एकेक चौकट गिरवून घेतलं होतं. तलवारबाजी घेतली १९३८च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातल्या शेवटच्या द्वंद्वातून, कारण त्यात काही सेकंद दोन्ही लढवय्ये अगदी बाजूने दिसतात. गंमत अशी की मेकनरच्या मूळ योजनेत लढाई नव्हतीच. राजपुत्राने सापळे चुकवत, उड्या मारत पुढे जायचं, एवढंच. लढाईशिवाय खेळ फिका राहील हा आग्रह टोमी पीअर्स या त्याच्या सहकारिणीचा.

आणि मग ती लढाई कीबोर्डावर बसवली गेली. डावा-उजवा बाण म्हणजे पुढे-मागे पाऊल, वरचा बाण म्हणजे वार अडवणं, शिफ्ट म्हणजे वार. कीबोर्डाच्या कळेला दोनच अवस्था, दाबलेली आणि न दाबलेली. हलका वार, जोराचा वार असा भेदच नाही. उरतो तो फक्त ताल: अडव, मार, अडव, मार. शिफ्ट दाबून ठेवून काही होत नाही, घाई केली की पहारेकऱ्याची तलवार पोटात. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना विचारा, त्यांना ती झुंज दिसण्याआधी ऐकू येईल.

पण या रचनेतली सगळ्यात मोलाची कळ चौथी होती. खालचा बाण दाबला की राजपुत्र तलवार म्यान करतो. साध्या पहारेकऱ्यासमोर ही आत्महत्या, कारण उघड्या तलवारीशिवाय पहिल्याच वाराला मरण येतं. मात्र शेवटाकडे राजपुत्राची स्वतःचीच सावली तलवार उपसून पुढे उभी राहते. तिच्यावर वार केला की जखम आपल्याला होते. तिला हरवण्याचा एकच मार्ग: खालचा बाण दाबायचा, तलवार म्यान करायची आणि तिच्यात शिरायचं. साठ मिनिटांच्या घड्याळाखाली, हात शिवशिवत असताना, न लढण्याची कळ शोधायची! ही कल्पना गोष्टीत लिहिली असती तर बोधकथा झाली असती. इथे ती बोटाला कळते, कारण म्यान करणं ही क्रिया पहिल्यापासून कळफलकावर होती. नंतरच्या बहुतेक खेळांत शत्रू गेला की तलवार आपोआप म्यानात जाते. सोय झाली, पण लढायचं थांबवण्याचा निर्णय खेळाडूच्या हातून गेला. मला हे या इतिहासातलं मोठं नुकसान वाटतं.

दुसरी मूठ घरात आली ती टीव्हीला जोडायच्या यंत्रांबरोबर. जपानच्या निन्टेन्डोने १९८३मध्ये फॅमिकॉम काढला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घराघरांत पोहोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला. दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या पोटातल्या पालिका बाजारात त्या खोक्यांच्या थप्प्या लागलेल्या असत. मुलं कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हणत आणि खेळाच्या डबीला ‘कॅसेट’. कॅसेटवर ‘९९९९ खेळ एकात’ असं छापलेलं असे, आत मोजके खेळ पुन्हा पुन्हा. मूळ फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर दोन मुख्य बटणं होती. नकलाकारांनी त्यांच्यावर आणखी दोन टर्बो बटणं बसवली, जी दाबून धरली की सेकंदाला कितीतरी वेळा दाबल्यासारखं होतं.

एवढ्याशा बदलाने काय झालं ते ‘काँट्रा’त पाहावं. मूळ रचनेत साध्या बंदुकीची प्रत्येक गोळी म्हणजे अंगठ्याची एक हालचाल. मध्येच ‘एम’ अक्षराचं बक्षीस तरंगत येतं. ते पकडलं की बटण दाबून धरून सलग गोळ्या सुटतात. अंगठ्याची दमणूक हा खेळाचा भाग आणि ‘एम’ हा त्यावरचा दिलासा. टर्बो बटण असलेल्या हाताला या दिलाशाचा अर्थच उरत नाही. इथल्या मुलांनी तोच खेळ खेळला, पण त्यांच्या वाट्याला आलेली लढाई वेगळी होती: संथ उडी आणि अखंड गोळीबार. एखाद्या अनुवादकाने मूळ लेखकाचे सगळे अल्पविराम काढून टाकावेत, तसं. अशा कॅसेटींत बहुधा लहान, एका बैठकीचे खेळ असत. अर्धवट सोडून उद्या पुढे खेळायचा ‘झेल्डा’सारखा लांबलचक प्रवास त्यांत मावणारा नव्हता. भटकणं आणि लढणं एकत्र करणारी परंपरा त्यामुळे इथल्या पुष्कळ मुलांपर्यंत आलीच नाही; लढणं तेवढं आलं.

तिकडे त्या परंपरेपुढे एक नवाच पेच उभा राहिला होता. खेळ त्रिमितीत गेले आणि शत्रू नेमका कुठे आहे हेच कळेनासं झालं. निन्टेन्डोच्या काही रचनाकारांनी याचं उत्तर क्योटोतल्या चित्रपटनगरीत, सामुराईंच्या एका तमाशात पाहिलं. नायकाभोवती अनेक निन्जा, पण हल्ला एका वेळी एकच करतो. बाकीचे दबा धरून थांबतात. त्यातून १९९८च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मधली युक्ती निघाली. कंट्रोलरच्या पोटाशी बंदुकीच्या चापासारखं झेड बटण होतं. ते दाबलं की नजर एका शत्रूवर खिळते आणि नायकाची प्रत्येक हालचाल त्या शत्रूच्या संदर्भात होते: त्याच्याभोवती फिरणं, त्याच्यापासून मागे उडी. गर्दीतली हाणामारी पुन्हा द्वंद्व झाली. आज असंख्य खेळांत शत्रू शिस्तीने आपली पाळी येईपर्यंत थांबतात. त्याची एक मोठी पाळंमुळं रंगमंचावरच्या त्या संकेतात आहेत.

कॅमेरा कुणाच्या हाती हा प्रश्न तेव्हापासून मारामारीच्या केंद्राशी आहे. एकाच मालिकेतली दोन टोकं पुरेशी आहेत. २००५च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये कॅमेरा रचनाकाराने लावून ठेवलेला. उजवा अंगठा रिकामा, म्हणून उजव्या काडीला वार चुकवण्याचं काम दिलं गेलं. दूरवरून दिसणारा नायक, भोवती झुंड, साखळीला बांधलेल्या पात्यांचे गरगर फेरे. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये कॅमेरा खांद्यामागे आला, उजवा अंगठा तो फिरवण्यात गुंतला, मग वार तर्जनीकडे, कंट्रोलरच्या खांद्यावरच्या बटणांकडे गेले. लढाई जवळची, जड, दोन-चार शत्रूंपुरती झाली. नायक प्रौढ झाला, बाप झाला, असं समीक्षकांनी लिहिलं. ते खरं आहे, पण त्याचं वय बोटांच्या या अदलाबदलीतूनही वाढलं.

दिल्लीकराला हे खेळ मिळाले ते नेहरू प्लेस आणि गफ्फार मार्केटमध्ये. अमेरिकन सरकारच्या ‘बदनाम बाजारां’च्या यादीत या दोन्ही नावांची वर्णी लागलेली आहे. कन्सोल महाग, घरातला संगणक आधीच घेतलेला, म्हणून कन्सोलसाठी रचलेले खेळ कीबोर्डावर खेळले जात. ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ २००७मध्ये संगणकावर आला तेव्हा त्यात माउसने नेम धरण्याची सोयच नव्हती. संकटाच्या क्षणी पडद्यावर यायचे ते जॉयपॅडच्या बटणांचे क्रमांक. दगड गडगडत येतोय आणि पडद्यावर अमुक आणि तमुक क्रमांकाची बटणं एकत्र दाबा म्हणून फर्मान; हातात मात्र कीबोर्ड. अशी वेळ आलेल्यांनी कळांचे तक्ते कागदावर उतरवून मॉनिटरच्या कडेला चिकटवले. काही जण दोघांत एक कीबोर्ड घेऊन बसत, एकाने पळायचं आणि दुसऱ्याने मारायचं. एका नायकाची दोन माणसं! असल्या खेळांवरच्या टीकालेखनात ही पद्धत मला कुठे दिसली नाही, पण इथल्या मारामारीच्या इतिहासात तिची नोंद हवी.

आता एका शब्दाकडे वळते. मराठीत कीबोर्डाला कळफलक म्हणतात. कळ म्हणजे यंत्राची खुंटी, कळ म्हणजे वेदना, कळ काढणं म्हणजे भांडणाला तोंड फोडणं. आणि दोरीने नाचवायची ती कळसूत्री बाहुली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत अशा बाहुल्यांतून रामायण-महाभारतातली आख्यानं दाखवत आले आहेत. दोरी कुठल्या अवयवाला बांधायची हे ठरलं की बाहुली कशी लढेल ते ठरतं. २००७च्या ‘असॅसिन्स क्रीड’च्या रचनाकारांनी जवळजवळ याच शब्दांत विचार केला होता. आपल्या पद्धतीला ते बाहुली नाचवण्याचंच नाव देत. कंट्रोलरची चार बटणं म्हणजे शरीराचे चार भाग: डोकं, शस्त्राचा हात, मोकळा हात आणि पाय. मोकळ्या हाताच्या बटणाने गर्दीतल्या माणसाला हळूच बाजूला सारायचं, त्याच बटणाने शत्रूला पकडायचं. कल्पना देखणी होती. लढाईत मात्र तिचा निकाल वेगळा लागला. बचावाचं बटण धरून थांबायचं आणि शत्रूने हात उचलताच उलटवार करायचा, हे इतकं फायद्याचं ठरलं की खेळाडू पुढाकार घेणंच विसरला. चार दोऱ्या दिल्या, हलली एकच.

बाहुली देवाची असेल तर? हा प्रश्न २००९मध्ये खरोखर विचारला गेला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने सोनीसाठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन २चा खेळ केला. भारतात घडलेला हा पहिला प्लेस्टेशन खेळ म्हणून त्याचं कौतुक झालं. अमेरिकेतले हिंदू कार्यकर्ते राजन झेड यांनी त्याला विरोध केला. त्यांचा आक्षेप चित्रणाला किंवा कथेला नव्हता, तो सरळ नियंत्रणाला होता: खेळाडूने जॉयस्टिक आणि बटणांनी हनुमानाला हलवावं हेच अवमानकारक. त्या वेळी बऱ्याच जणांनी हा आक्षेप हसण्यावारी नेला. खेळ मागे घेण्याची मागणी मलाही पटत नाही, पण आक्षेपाचं निरीक्षण मला चुकीचं वाटत नाही. पिंगुळीच्या बाहुलीतला राम सूत्रधाराच्या हातात असतो, पण आख्यान ठरलेलं असतं. सूत्रधाराचा हात चुकला म्हणून राम मरत नाही. दिल्लीच्या रामलीलेत रामाचं सोंग घेतलेल्या मुलाच्या लोक पाया पडतात. कंट्रोलरवर मात्र देव दहा वर्षांच्या पोराच्या अंगठ्याच्या हुकमतीत येतो आणि अंगठा चुकला की दरीत पडतो. खेळाच्या बाहेर राहून टीका करणाऱ्या माणसाने खेळाचं मर्म, म्हणजे कुणाचा हात कुणाला हलवतो, हेच नेमकं पकडलं होतं.

याचं एक उत्तर अकरा वर्षांनी पुण्यातून आलं. नॉडिंग हेड्स गेम्स हा पुण्यातला छोटा चमू. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरी ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२०मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या कृतीसाठीच्या पुरस्काराच्या नामांकनांत तो होता. राजी ही सर्कशीत, जत्रांत कसरती करणारी मुलगी. महाबलासुराच्या राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला ती शोधते आहे. दुर्गा आणि विष्णू वरून बघतात, आपसांत बोलतात, तिला शस्त्रं देतात. देवांना खेळाडू हलवत नाही. देव प्रेक्षक आहेत आणि सूत्रधारही. झेड यांचा आक्षेप रचनाकारांच्या मनात होता की नव्हता याच्याशी मला कर्तव्य नाही, पण रचना मात्र त्याला उत्तर देते: त्रिशूळ देवीचा, हात मुलीचा.

नायिका कसरतपटू असणं हाही नियंत्रणाचाच निर्णय आहे. रिंगणातल्या खांबाकडे धावत जायचं, खांबाला पकडून गरकन फिरायचं आणि त्या फेऱ्याच्या वेगाने भोवतीच्या राक्षसांना फेकायचं. भिंतीवर दोन पावलं धावून वरून वार. इथे चढण्या-उडण्याची बटणंच लढाईची बटणं होतात. भटकणारं शरीर आणि लढणारं शरीर वेगळं राहत नाही. मल्लखांबाच्या प्रदेशात खांब हे शस्त्र होणं मला फार योग्य वाटतं, जरी खेळातली शिल्पं-महाल राजस्थानकडे झुकलेले असले तरी.

त्रुटी आहेत, आणि त्याही मुठीच्याच आहेत. कॅमेरा उंचावर, दूर आणि रचनाकाराच्या ताब्यात. महालांची भव्यता त्याने सुरेख दिसते, पण लढाईत नाजूक राजी गर्दीत हरवते, आणि वार सुरू झाल्यावर तो अर्ध्यात सोडून बाजूला होता येईल असा भरवसा बोटांना वाटत नाही. समीक्षकांनी लढाईला अडखळती म्हटलं ते यामुळे. २००५च्या ‘गॉड ऑफ वॉर’चा कॅमेराही दूर होता, पण तिथल्या पात्यांचा पल्ला पडदाभर होता, दूरचा कॅमेरा आणि लांबचं शस्त्र यांचा मेळ होता. राजीच्या त्रिशुळाला तेवढा पल्ला नाही. पुढे २०२२च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले आणि कॅमेऱ्याचे कोनही बदलले. मला, अनुवादकाला, यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. भाषा बदलून राजी जवळची झाली असेल, पण कॅमेरा हलला तेव्हा तिचा वार बदलला.

राजीचं महत्त्व कळायला हवं असेल तर भारतातल्या गेम-कामाची वाटणी पाहावी. गुरुग्रामच्या लक्ष्य डिजिटलसारख्या कंपन्या जगभरच्या खेळांसाठी चित्रांचं काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. चिलखतं, तलवारी, महाल इथे घडतात. तलवार कोणत्या बोटाने चालेल हे दुसरीकडे ठरतं. या वाटणीला छेद देणारी एक मोठी संधी आली होती. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ हा मेकनरच्याच सहभागाने मॉन्ट्रियलमध्ये झालेला २००३चा खेळ. शत्रूच्या डोक्यावरून कोलांटी मारून पाठीमागून वार, आणि चूक झाली की एक बटण दाबून धरून वेळच मागे न्यायची, ही त्याची ओळख. त्याच्या नव्या आवृत्तीचं काम युबिसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं आणि सप्टेंबर २०२०मध्ये ते जाहीर केलं. झलक पाहून लोकांनी चेहऱ्यांवर आणि प्रकाशावर टीका केली, म्हणजे पुन्हा चित्रांवरच. तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आणि मे २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलकडे परत गेलं. पुण्या-मुंबईच्या हातांनी ती कोलांटी कशी बसवली होती, बटणाला शरीर किती चटकन उत्तर देत होतं, हे खेळाडूंना कळलंच नाही.

दरम्यान देशाची मूठ पुन्हा बदलली होती. आज दिल्ली मेट्रोत राजीव चौकला डब्यात शिरलं की लढाया काचेवर चाललेल्या दिसतात. काचेला मूठ नसते. बटणं ही चितारलेली वर्तुळं, त्यांना कड नाही, त्यामुळे बोट जागेवर आहे की घसरलं हे डोळ्यांनी बघावं लागतं. आणि ज्याला मारायचं तो पुष्कळदा आपल्याच अंगठ्याखाली झाकलेला असतो. पब्जीवाल्यांनी यावर आपला उपाय काढला, फोन टेबलावर टेकवून चार बोटं नखांसारखी वाकवून खेळायचं. २ सप्टेंबर २०२०ला त्या खेळावर बंदी आली आणि लगोलग बंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या ‘फौजी’ची घोषणा झाली, तो २६ जानेवारी २०२१ला आला. पहिला प्रसंग गलवानचा, म्हणून बंदुका नाहीत, हातघाईची लढाई. हातघाईला अंतराचा अंदाज लागतो आणि अडवण्याचा नेमका क्षण लागतो. काचेवर नेमक्या याच दोन गोष्टी निसटतात, आणि तिथे मग खेळाडू एकाच वर्तुळावर टकटक करत राहतो. पालिका बाजारातल्या टर्बो बटणाने हेच काम त्याच्यासाठी बिनत्रासात केलं असतं.

राजीही पुढे नेटफ्लिक्सच्या खेळांमधून फोनवर आली. तोच खांब, तोच गरकन फेरा, तोच त्रिशूळ. फक्त खांबाकडे धावत जाताना डावा अंगठा पडद्याचा खालचा कोपरा व्यापून असतो आणि राक्षस नेमका त्या कोपऱ्यातून येतो.